गणनेचें जळण

कोणत्याहि नव्या यंत्राची कीर्ति पसरते ती त्याच्या वेगाची, बळाची किंवा चातुर्याची. त्या यंत्राला खावयास काय लागतें, हा प्रश्न बहुधा मागाहून येतो. आगगाडीचें कौतुक करणाऱ्या पहिल्या उतारूंनीं कोळशाची खाण पाहिलेली नव्हती. आणि आज कचेरींत बसून हजारों मैलांवरून क्षणार्धांत हिशेब मागविणाऱ्या गृहस्थानेंहि तो हिशेब करणाऱ्या यंत्राची खोली पाहिलेली नसते. संगणकाच्या वेगाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्याच्या जळणाचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो, आणि तोच येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. पर्यावरणाशीं सुसंगत अशा कारभाराचा घोष हल्लीं प्रत्येक व्यापारी पेढीच्या वार्षिक अहवालांत ऐकूं येतो. त्यांत खरें किती आणि वरपांगी किती, हें पारखण्यास इतिहासासारखी दुसरी कसोटी नाहीं.

ह्या इतिहासाचा आरंभ एका दंतकथेनें होतो. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्यें तयार झालेला एनिॲक हा प्रचंड संगणक १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांपुढें आला. हें यंत्र चालू केलें कीं साऱ्या फिलाडेल्फिया शहराचे दिवे मंद होत, अशी वार्ता तेव्हांपासून सांगितली जाते. ती खरी नाहीं. यंत्राच्या दोघां प्रमुख जनकांपैकीं एक, प्रेस्पर एकर्ट, ह्यांनींच पुढें तिचा साफ इन्कार केला. परंतु दंतकथा खोटी असली तरी ती रचणाराचें कुतूहल अस्थानीं नव्हतें. एनिॲकमध्यें सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते, त्याचें वजन सुमारे तीस टन होतें, आणि त्याला दीडशे किलोवॅट वीज लागत असे. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बेताच्या कुटुंबास महिनाभर पुरावी इतकी वीज तें यंत्र एका तासांत खाऊन टाकी. त्याबद्दल तें सेकंदास पांच हजार बेरजा करी. त्या काळीं हा सौदा अत्यंत स्वस्त वाटला, व तो तसा होताहि. कारण तीच गणितें माणसांकडून करवून घेण्यास जो काळ लागे, त्याला तोड नव्हती.

एनिॲकच्या चरित्रांतील एक गोष्ट मात्र ह्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. १९४७ च्या जुलै महिन्यांत ॲबरडीन येथील लष्करी प्रयोगशाळेंत तें यंत्र पुन्हां उभारून चालू केलें, आणि तेथपासून १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत तें जवळजवळ अखंड चालू ठेवण्यांत आलें. ह्याचें कारण केवळ कामाची घाई हें नव्हतें. व्हॉल्व्ह जळत ते बहुतकरून यंत्र तापतांना किंवा निवतांना. यंत्र बंद करावें आणि पुन्हां चालू करावें, तर दर खेपेस कांहीं व्हॉल्व्ह दगावावयाचे आणि अठरा हजारांतून नेमका नादुरुस्त व्हॉल्व्ह शोधीत बसावें लागावयाचें. त्यापेक्षां काम असो वा नसो, यंत्र जागें ठेवणेंच शहाणपणाचें होतें. संगणक बंद करावयाचा नसतो, ही समजूत अशा रीतीनें त्याच्या जन्माबरोबरच जन्मास आली. आणि त्या वेळीं तिला सबळ कारण होतें. कारण नाहींसें झाल्यावरहि समजूत राहते, हा अनुभव आपल्या घरांतील कित्येक रूढींच्या बाबतींत आपणांस येतो. संगणकाच्या बाबतींतहि तोच आला.

व्हॉल्व्हांचें युग फार काळ टिकलें नाहीं. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि तापणाऱ्या कांचेच्या नळीची जागा हळूहळू थंडपणें काम करणाऱ्या इवल्याशा घन पदार्थानें घेतली. आपल्याकडील पहिला मोठा देशी संगणक ह्या संधिकाळांतलाच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनीं तो बांधला. १९६० सालीं तो कामास लागला व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत सुमारे सत्तावीसशे व्हॉल्व्ह होते. तो चालू झाला तेव्हां परदेशांत ट्रान्झिस्टरचे संगणक बाजारांत येऊं लागले होते. तरीहि यंत्र स्वतः बांधूं शकणारी माणसें त्यानें देशाला दिलीं, हा त्याचा लाभ लहान नव्हे.

ट्रान्झिस्टर आणि त्यामागून आलेली सिलिकॉनची चकती ह्यांनीं गणनेच्या काटकसरींत जी क्रांति केली, तिला मनुष्याच्या यंत्रेतिहासांत जोड सांपडणें कठीण आहे. जोनाथन कूमी व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९४६ पासून २००९ पर्यंतच्या संगणकांचे आकडे जमवून २०११ सालीं असें दाखविलें कीं, एक युनिट वीज जाळून जितकीं गणितें होत, त्यांची संख्या दर सुमारे दीड वर्षास दुप्पट होत गेली. बुद्धिबळाच्या पटावरील घरांत दुप्पट दुप्पट दाणे मांडण्याची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. त्रेसष्ट वर्षांत असें दुप्पट होणें सुमारे चाळीस वेळां घडलें. म्हणजे तेवढ्याच विजेंत एक लक्ष कोटी पटींच्या घरांत गणितें होऊं लागलीं. ज्या दीडशे किलोवॅटांत एनिॲक चाले, त्याच्या अत्यल्प अंशावर आज खिशांतील फोन चालतो आणि त्याहून कितीतरी अधिक काम करितो.

आतां साध्या त्रैराशिकानें पाहिलें तर इतकी काटकसर झाल्यावर जगांतील साऱ्या संगणकांस मिळून एखाद्या लहान गांवाइतकीहि वीज लागूं नये. प्रत्यक्षांत आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं केवळ डेटा सेंटरांनींच, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या मोठमोठ्या इमारतींनींच, सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकंदर विजेचा हा सुमारे दीड टक्का होय. हें असें कां व्हावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर संगणकाच्या जन्मापूर्वींच ऐंशी वर्षें लिहून ठेवलेलें आहे. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स ह्या तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं ब्रिटनच्या कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कोळसा संपत चालला तरी चांगलीं यंत्रें निघतील, तीं कमी कोळशांत काम करतील आणि चिंता मिटेल, असें त्या वेळीं पुष्कळ जण म्हणत. जेव्हन्सनें दाखविलें कीं, अनुभव नेमका उलट आहे. स्कॉटलंडमधील लोखंडाच्या भट्ट्यांत सुधारणा होऊन एक टन लोखंडास लागणारा कोळसा पूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनहि कमी झाला. तथापि १८३० ते १८६३ ह्या काळांत त्याच भट्ट्यांचा एकंदर कोळसा दहापट वाढला. कारण उघड आहे. जिन्नस स्वस्त झाला कीं त्याचा खप वाढतो, आणि तो इतका वाढूं शकतो कीं दर नगामागें झालेली बचत त्यांत बुडून जाते. गणनेचें तेंच झालें. ती महाग होती तोंवर तोफगोळ्यांचे मार्ग आणि जनगणनेचे आकडे एवढ्यांसाठींच ती वापरली जाई. ती स्वस्त होतांच बँका, विमा-कंपन्या, आगगाड्यांचीं आरक्षणें, आणि अखेरीस घराघरांतील पत्रें व छायाचित्रें, सर्व तिच्यावर येऊन बसलें.

परंतु जेव्हन्सचें म्हणणें हा निसर्गाचा अटळ नियम आहे असें समजून हात जोडून बसणें बरोबर होणार नाहीं. काटकसरीनें एकंदर खर्च आटोक्यांत राहिला, असेहि प्रसंग ह्या इतिहासांत आहेत. आणि ते कां व कसे आले हेंच व्यापारी मंडळींनीं शिकण्यासारखें आहे.

पहिला प्रसंग कचेऱ्यांतील टेबलावरच्या संगणकांचा. १९८० नंतरच्या दशकांत हे संगणक पाश्चात्त्य देशांतील कचेऱ्यांत लाखोंनीं शिरले. त्यांत व्हॉल्व्ह नव्हते. बंद केल्यानें बिघडण्यासारखें त्यांत फारसें कांहीं नव्हतें. तरीहि संध्याकाळीं कारकून घरीं जात आणि यंत्रें रात्रभर जळत राहत. बंद-चालू केल्यानें यंत्राचें आयुष्य कमी होतें, ही एनिॲकच्या काळची समजूत नवीन यंत्रांना जशीच्या तशी चिकटली होती. पडद्यावर हलणारीं रंगीत चित्रें दाखविणारा ‘स्क्रीनसेव्हर’ निघाला होता खरा. परंतु तो पडद्याचा कांच वांचवी, वीज नव्हे. पुष्कळांची मात्र त्यावरून वीज वांचत असल्याची समजूत होई.

१९९२ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें ‘एनर्जी स्टार’ नांवाची योजना काढली आणि पहिलें चिन्ह संगणक व त्याचा पडदा ह्यांसच दिलें. अट साधी होती: काम नसतांना यंत्रानें आपोआप झोंपीं जावें आणि झोंपेंत तीस वॅटांहून अधिक वीज घेऊं नये. ह्यांत सक्ति कोणावरच नव्हती, म्हणून योजना कागदावर राहण्याचाहि संभव होता. परंतु १९९३ च्या एप्रिलांत अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं हुकूम काढला कीं, संघ-सरकारच्या सर्व खात्यांनीं ह्या चिन्हाचेच संगणक विकत घ्यावे. इतकें मोठें गिऱ्हाईक अडून बसल्यावर कारखानदारांस तीं यंत्रें सर्वांसाठींच करणें सोयीचें झालें. येथें नवा शोध असा कोणताच लागला नव्हता. झोंपण्याची युक्ति बॅटरीवर चालणाऱ्या लहान संगणकांत आधींच होती, कारण तेथें वीज संपली कीं काम थांबे आणि वापरणाराला तें तत्काळ कळे. टेबलावरच्या यंत्रास भिंतींतून वीज येई व बिल दुसरेंच कोणी भरी. म्हणून ती युक्ति तेथें कोणास सुचली नव्हती.

दुसरा प्रसंग डेटा सेंटरांचा. १९९९ सालीं अमेरिकेंतील एका वजनदार मासिकांत असा लेख आला कीं, आंतरजालास देशाच्या विजेपैकीं आठ टक्के वीज आतांच लागत असून दहा वर्षांत निम्मी लागेल, सबब आणखी कोळसा खणा. हा हिशेब कित्येक पटींनीं फुगविलेला होता, हें बर्कले येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं लवकरच दाखवून दिलें. तरी भीति अगदींच निराधार नव्हती. २००७ सालीं सरकारनें काँग्रेसला सादर केलेल्या अहवालांत असें दिसलें कीं, २००६ सालीं अमेरिकेच्या डेटा सेंटरांनीं सुमारे ६,१०० कोटी युनिट वीज वापरली. आणि कांहीं न केल्यास पांच वर्षांत ती दुप्पट होईल.

ह्या सुमारास प्रथमच मोजमापास आरंभ झाला. ‘ग्रीन ग्रिड’ ह्या व्यापारी संघानें २००७ सालीं पी. यू. ई. नांवाचें एक माप प्रचारांत आणलें. इमारतींत आलेली एकंदर वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांस मिळालेली वीज, एवढाच हा भागाकार. उत्तर दोन आलें तर त्याचा अर्थ असा कीं, संगणकास एक युनिट द्यावयाचें तर थंडावा, पंखे, दिवे ह्यांपायीं आणखी एक खर्ची पडतें. त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं तें दोनाहूनहि अधिक भरलें. आंकडा डोळ्यांपुढें येतांच व्यवस्थापकांस लाज वाटूं लागली, आणि मग उपाय निघाले. ते बहुतेक गृहिणीच्या व्यवहारज्ञानाचे होते. थंड हवा आणि तापलेली हवा एकमेकींत मिसळूं नये म्हणून मध्यें पडदे लावणें. खोली विनाकारण गारठवून न ठेवणें. बाहेर थंडी असेल तेव्हां खिडकीच्या हवेनेंच भागविणें. फिनलंडमधील हामिना येथें तर गूगलनें बंद पडलेली एक कागदाची गिरणीच विकत घेतली आणि गिरणीच्या जुन्या बोगद्यांतून समुद्राचें गार पाणी खेळवून २०११ पासून आपले संगणक थंड ठेवले. अशा मोठ्या कंपन्यांनीं हें माप १.१ च्या आसपास आणून ठेवलें आहे.

त्याच वेळीं एकाच मोठ्या यंत्रांत अनेक लहान यंत्रांचा कारभार चालविण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. ही कल्पनाहि नवी नव्हती, आय. बी. एम. च्या मोठ्या संगणकांवर ती १९६० नंतरच्या दशकांतच वापरांत होती. तेव्हां यंत्र महाग म्हणून ती निघाली, यंत्र स्वस्त झालें तेव्हां ती मागें पडली, आणि वीज महाग वाटूं लागली तेव्हां पुन्हां वर आली. ह्या सर्वांचा परिणाम विलक्षण झाला. एरिक मासानेट व सहकाऱ्यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, २०१० ते २०१८ ह्या आठ वर्षांत जगांतील डेटा सेंटरांचें काम साडेसहा पट झालें. परंतु त्यांची वीज मात्र अवघी सहा टक्के वाढली. जेव्हन्सच्या सिद्धान्तास हा सणसणीत अपवाद होय. तो घडला ह्याचें एक कारण असें कीं, मोठ्या कंपन्यांत यंत्र घेणारा, चालविणारा आणि बिल भरणारा मालक एकच होता. हात एक झाला कीं डोळे उघडतात.

जेथें हात एक नाहीं, तेथें डोळे अद्याप मिटलेलेच आहेत. सामान्य कंपनींत सर्व्हर एक खातें मागतें, दुसरें विकत घेतें, आणि वीजबिल इमारतीची देखभाल करणारें तिसरेंच खातें भरतें. कूमी आणि एक सहकारी ह्यांनीं २०१५ सालीं कांहीं कंपन्यांतील सुमारे चार हजार सर्व्हर तपासले. त्यांपैकीं तीस टक्के सर्व्हरांनीं सहा महिने किंवा अधिक काळ कोणतेंच उपयोगी काम केलेलें नव्हतें. तरी ते चालूच होते. तो कशासाठीं होता हें कोणास आठवत नाहीं, आणि बंद केल्यास कांहीं अडेल कीं काय ह्या भीतीनें कोणी खटक्यास हात लावीत नाहीं! रिकामा सर्व्हर म्हणजे चुलीवर ठेवलेलें रिकामें भांडें. गूगलच्याच दोन अभियंत्यांनीं २००७ सालीं दाखविलें होतें कीं, चांगला म्हणविणारा सर्व्हरहि कांहीं काम नसतांना भर कामाच्या निम्मी वीज खातो. आणि गंमत अशी कीं, असे निरुद्योगी सर्व्हर बंद केले तर पी. यू. ई. चा आंकडा सुधारण्याऐवजीं बिघडूं शकतो. कारण भाजक लहान होतो आणि थंडाव्याचा खर्च त्या मानानें उतरत नाहीं. माप लाजेस कारण होतें तसें तें अभिमानाचेंहि कारण होतें, आणि मग लोक वीज वांचविण्याऐवजीं आंकडा सांभाळूं लागतात.

ज्या गोष्टी ह्या मापांत मुळींच येत नाहींत त्यांचाहि उल्लेख केला पाहिजे. एक म्हणजे पाणी. ऑरेगन प्रांतांतील द डॅलस ह्या लहानशा गांवीं गूगलचीं डेटा सेंटरें आहेत. तीं २०२१ सालीं गांवच्या एकंदर पाण्यापैकीं चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी घेत होतीं, हें वर्तमानपत्राशीं कज्जा झाल्यावरच प्रसिद्ध झालें. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राची घडण. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठानें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, टेबलावरचा एक संगणक आणि त्याचा पडदा बनविण्यास किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनें आणि दीड हजार किलो पाणी लागत होतें. घरगुती संगणकाच्या आयुष्यांतील ऊर्जेचा मोठा हिस्सा तो गिऱ्हाइकाच्या दारांत येण्यापूर्वींच खर्च झालेला असे. ह्याचा अर्थ असा कीं, कमी वीज खातो म्हणून दर तीन वर्षांनीं नवा संगणक आणून जुना मोडींत काढणारी कंपनी काटकसर करीत नसून उधळेपणा करीत असते. मोडींत निघालेल्या यंत्रांचें पुढें काय होतें, ह्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम भारतांत २०११ सालीं झाले व २०१२ पासून लागू झाले. तरीहि पुष्कळसा माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो आणि तेथें गरीब माणसें तांब्याच्या लोभानें तारा जाळून विषारी धूर गिळतात.

आतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेनें हा इतिहास नव्या वळणावर आणून सोडला आहे. अमेरिकेंतील डेटा सेंटरांची वीज २०१४ ते २०१६ ह्या काळांत वर्षास सुमारे ६,००० कोटी युनिटांवर स्थिर होती. २०२३ सालीं ती १७,६०० कोटींवर गेली, असें बर्कलेच्याच प्रयोगशाळेचें गणित आहे. सोप्या काटकसरी करून झाल्या, आणि जेव्हन्सचा सिद्धान्त पुन्हां दारांत उभा आहे. हा प्रश्न आपल्यापासून दूर नाहीं. देशांतील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा समूह मुंबई आणि नवी मुंबई येथें आहे. फिनलंडची थंड हवा कोंकणच्या किनाऱ्यास नाहीं. आणि भारतांतील विजेपैकीं सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे. आपण साठवून ठेवलेल्या आणि पुन्हां कधींहि न उघडलेल्या प्रत्येक छायाचित्रामागें त्या कोळशाचा एखादा कण आहेच.

तेव्हां व्यापारी मंडळींनीं ह्या इतिहासांतून काय घ्यावें? मोठीं यंत्रें शोधणें त्यांचें काम नव्हे. परंतु जीं कामें एनर्जी स्टारनें आणि पहिल्या मोजमापांनीं घडविलीं, तीं कोणत्याहि कचेरीस करतां येण्यासारखीं आहेत. यंत्र घेणाऱ्या खात्यास विजेचें बिल दाखवावें. प्रत्येक सर्व्हरावर त्याच्या कामाचें आणि तें काम ज्याचें त्या माणसाचें नांव लिहावें. जेथें नांव सांपडत नाहीं तेथें चौकशी करून खटका खालीं करावा. चालूं शकणारें यंत्र दुरुस्त करून आणखी दोन वर्षें वापरावें. आणि नवें काम यंत्राकडे सोंपवितांना तें करण्याजोगें आहे कीं केवळ स्वस्त आहे म्हणून करावयाचें, हा प्रश्न एकवार विचारावा. पहिल्या तीन गोष्टी काटकसरीच्या आहेत. चौथी संयमाची आहे, आणि ती कोणतेंहि यंत्र आपल्यासाठीं करणार नाहीं.

१९५५ च्या ऑक्टोबरची दुसरी तारीख होती. रात्रीं पावणेबारा वाजतां ॲबरडीन येथें एनिॲकची वीज कायमची तोडण्यांत आली. आठ वर्षें जागें ठेवलेलें तें यंत्र बंद करण्यास सबळ कारण मिळालें होतें: त्याचें काम संपलें होतें. आपल्या कचेरींत आज रात्रीं जीं यंत्रें जळत राहणार आहेत, त्यांतील किती यंत्रांचें काम असेंच केव्हांच संपलें आहे, हें उद्यां सकाळीं कोणी तरी विचारलें, तर ह्या लेखाचें सार्थक झालें असें मी समजेन.